छातीचं माप

भरतीच्या मैदानावर पहाटे चार वाजता
आम्ही दोघं उभे होतो, नुसत्या चड्डीवर,
केसांत रात्रपाळीची सुताची भुकटी तशीच.
हवालदारानं टेप लावली.
विरेशमची भरली, फुगवून वर पाच सेंटिमीटर.
माझी नुसतीच खोकली.
"लूमवाला का?" एवढंच म्हणाला
आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

परतताना त्यानं सायकल मला दिली,
स्वतः पळत आला अशोक चौकापर्यंत,
कुणीतरी अजून घड्याळ लावून उभं असल्यासारखा.

विरेशम मेरगू. सहा नंबरचा माग.
मोराची चादर विणताना
वर जेकार्डकडे बघायचासुद्धा नाही.
खटखट ऐकून सांगायचा, पिसारा संपला,
आता मान येईल.
एकदाच चुकला. वरची दोरी तुटली, आणि तो बोलत बसलेला माझ्याशी,
कशाबद्दल ते आता आठवत नाही.
एक मोर तीन पायांचा निघाला.
मालकानं मजुरीतून कापले.
ती चादर त्यानंच घेतली, निम्म्या भावात,
"असू दे," म्हणाला, "उभं राहायला बरं."

तीच घेऊन गेला.
स्टेशनवर त्याच्या आईनं
शेंगाचटणीचा डबा फडक्यात बांधून दिला, गाठीवर गाठ.
मी चादरीची घडी घातली,
तिसरा पाय आत जाईल अशी.

मग लढाई.
कारखान्यात रेडिओ होता, पण माग चालू असला की
बातम्यांतलं काही कळायचं नाही,
फक्त ओठ हलवल्यासारखा आवाज.
त्या दिवशी मालकानं स्वतः येऊन पट्टा काढला.
सगळे माग थांबले.
इतकी शांतता मी त्या शेडमध्ये
त्याआधी फक्त वीज गेल्यावर ऐकली होती.

दोन महिन्यांनी ट्रंक आली, सोबत एक जवान, लातूरकडचा.
ट्रंकेत यादी टाईप केलेली:
बनियन दोन. रेझर एक, कोरा.
डबा एक, रिकामा.
चादर नव्हती.

चहाच्या टपरीवर मी त्याला विचारलं.
बराच वेळ बशीकडं बघत राहिला.
"चौघं झोपायचो तिच्यात," म्हणाला,
"तीन पायाच्या बाजूला कोण, यावरून रोज भांडण.
स्ट्रेचर वरपर्यंत येत नव्हतं.
चार टोकं चौघांनी धरली.
पक्की होती हो तुमची चादर.
सात तास उतरलो,
कुठं उसवली नाही."

हे मी घरी सांगितलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी आता त्याचा अर्धपुतळा आहे.
त्याला मिशा आहेत.
विरेशमला नव्हत्या, त्या यायच्या होत्या.
वर्षातून दोनदा हार पडतो,
एरवी कठड्यावर कुणाचा ना कुणाचा टॉवेल वाळत असतो,
आणि पाचव्या दिवशी पाणी सुटलं
की घागरींची रांग त्याच्यापासून सुरू होते.
बायका म्हणतात, पहिला नंबर विरेशमचा.
मला ते हारापेक्षा बरं वाटतं.

सहा नंबरचा माग भंगारात गेला.
मी अजून विणतो, दुसऱ्याच्या शेडमध्ये, कमी वेळ.
डॉक्टर छातीवर नळी ठेवून बघतो
तेव्हा दरवेळी वाटतं, हा आता पुढच्याचं नाव पुकारणार.

त्याची आई विड्या वळते, आता पाचशेच होतात.
नजर गेलीय, बोटांना पान कळतं.
गड्ड्याची जत्रा भरली, रात्री गार पडू लागल्या,
की मला हाक मारते.
वीस-बावीस वर्षं तोच प्रश्न, तेलुगूत:
तिकडं बर्फ होता म्हणतात.
चादर होती ना रे त्याच्याजवळ?

सुपातली तंबाखू चाळल्यासारखी
माझी छाती वाजते.
उंडे, अम्मा.
होती.
शेवटपर्यंत अंगावरच होती.